कातडीला कळतं, पुडीला कळत नाही

गुरुकुंज मोझरीचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं सोसलं आहे त्याला उन्हाची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. अमरावतीहून नागपूरला जाणाऱ्या महामार्गावर, तिवसा तालुक्यात, तुकडोजी महाराजांनी १९३५ साली आश्रम उभारला तो अशा मुलखात, जिथे पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला तरी कोणी फारसं नवल करत नाही. या उन्हानं माणसाला चक्कर येईल, उष्माघात होईल, अंग भाजून निघेल. एक गोष्ट मात्र होणार नाही. सकाळी धुऱ्यावर गेलेला माणूस दिवे लागणीला घरी परतला आणि असा वर्षभर राबला, तरी उन्हानं त्याच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व विषारी होईल इतकं साठणार नाही.

आणि कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणाऱ्या, दुधातून घ्यायच्या बोटभर पुडीनं ते साठू शकतं.

हे कसं काय? सूर्यासारखा अजस्र दाता समोर असताना जे होत नाही, ते एका ग्रॅमच्या पुडीनं कसं होतं? उत्तर कातडीत आहे.

आपल्या कातडीत ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्यावर पडले की त्याच्या रेणूतलं एक कडं तुटतं आणि ‘ड’च्या आधीचं एक कच्चं रूप तयार होतं. मग अंगाच्या उबेनं, काही तासांत, त्या कच्च्या रूपाचं ‘ड-३’ बनतं आणि ते रक्तात उतरतं. आता गंमत पाहा. ऊन पडतच राहिलं, तर तेच किरण त्या कच्च्या रूपाला ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल या दोन निराळ्या, निरुपद्रवी रूपांकडे वळवू लागतात. अमेरिकेतले मायकेल होलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली हे दाखवून दिलं. मूळ मालातला साधारण दहा-पंधरा टक्के भाग कच्च्या रूपात गेला की बनणं आणि मोडणं यांचा तोल साधतो. त्यातूनही तयार झालेलं ड-३ कातडीत रेंगाळलंच, तर ऊन त्याचेही तुकडे पाडतं. जो सूर्य बनवतो, तोच जास्तीचं मोडून टाकतो.

वऱ्हाडात पीक भरात आलं की रानडुकरांपासून आणि रोह्यांपासून ते राखायला माणूस रात्री शेतावर जागलीला जातो. शरीरानंही पोषक द्रव्यांच्या वाटांवर असे जागले बसवलेले आहेत. लाखो वर्षांत घडलेले हे जागले अन्नाची आणि उन्हाची वाट ओळखतात. गोळीची आणि पुडीची वाट जेमतेम शंभर वर्षांची. तिच्यावर अजून कोणी पहाऱ्याला बसलेलं नाही.

पुडीवरचा आकडा वाचू. ६०,००० आययू, म्हणजे आंतरराष्ट्रीय एककं. प्रौढ माणसाची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० साली ६०० एककं धरली आहे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा ४,००० एककं. एकटी पुडी म्हणजे शंभर दिवसांची गरज. वजनात मोजलं तर या ६०,००० एककांतलं औषध भरतं फक्त दीड मिलिग्रॅम. पुडीत बाकी सगळं साखर आणि भर. माणसाची अख्ख्या वर्षाची ‘ड’ची गरज साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा वस्तूवर हाडं उभी राहतात, आणि एवढ्याशाच फरकानं बिघडतातही.

पुडी वाईट नाही. भर उन्हाच्या देशात ‘ड’ची कमतरता भरपूर आहे, कारण आपण दिवसभर छपराखाली असतो आणि बाहेर पडतो ते दुपट्टा, स्कार्फ, बाह्या चढवून. रक्त तपासून कमतरता दिसली की डॉक्टर आठवड्याला एक पुडी, साधारण आठ आठवडे, असं लिहून देतात. रिकामं कोठार भरायला तो उपाय चोख आहे. घोटाळा होतो तो चिठ्ठीच्या बाहेर. आठवड्याची पुडी कोणी रोज घेऊ लागतं. आठ आठवडे संपले तरी बरं वाटलं म्हणून आठ महिने चालू ठेवतं. गुडघ्यांसाठी एका डॉक्टरांनी पुडी दिलेली असते, कंबरेसाठी दुसऱ्यांनी सहा लाख एककांचं इंजेक्शन दिलेलं असतं, आणि दोघांना एकमेकांचं माहीत नसतं. काश्मीरमधल्या डॉक्टरांनी २०११ साली ‘ड’च्या विषबाधेच्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ज्या भागात या जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी, तिथेच हे अतिरेकाचे रुग्ण सापडले होते.

यात ‘ड’ स्वतः थेट मारक ठरत नाही. ते आतड्याला सांगतं, कॅल्शियम ओढ. हाडांनाही सांगतं, कॅल्शियम सोड. सांगणारा प्रमाणाबाहेर झाला की रक्तात कॅल्शियम चढतं. तहान वाढते, लघवीला वारंवार जावं लागतं, मळमळतं, शौचाला होत नाही, डोकं जड आणि गोंधळलेलं राहतं. मूत्रपिंडात खडे धरतात, पुढे मूत्रपिंडच हात टेकतं. सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे अशक्तपणा. ‘अंगात त्राण नाही’ म्हणून माणूस आणखी एक ताकदीची गोळी घेतो. शिवाय हे जीवनसत्त्व चरबीत मुरतं, त्यामुळे पुडी बंद केल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिने, ते झिरपत राहतं. उंदीर मारायच्या काही औषधांत हेच ड-३ असतं हे वाचून दचकायला होईल. उंदीर ते खातो, त्याच्या रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि तो मरतो. रेणू तोच, बाळाच्या थेंबांतला. फरक मोजमापाचा.

‘अ’ जीवनसत्त्वाची गोष्ट याहून जुनी आणि दूरची. १५९६ साली विलेम बॅरेंट्स या डच दर्यावर्दीचं जहाज उत्तर ध्रुवाकडच्या नोवाया झेम्ल्या बेटापाशी बर्फात अडकलं. तिथे अडकलेल्या खलाशांनी पुढच्या वर्षी पांढऱ्या अस्वलाचं यकृत शिजवून खाल्लं. ते आजारी पडले, आणि त्यांच्यातल्या तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली. हे सारं गेरिट डी वीर या त्यांच्याच सोबत्यानं लिहून ठेवलं. ध्रुवप्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे इन्युइट लोक मात्र त्या यकृताला हात लावत नाहीत. का ते कळायला १९४३ उजाडावं लागलं. रोडाल आणि मूर या संशोधकांनी मोजलं, तर त्या यकृताच्या एकेका ग्रॅममध्ये ‘अ’ची दहा हजारांहून जास्त एककं निघाली. समुद्रातलं शेवाळ बारीक जीव खातात, त्यांना मासे, माशांना सील, सीलला अस्वल. प्रत्येक पायरीवर ‘अ’ यकृतात साठत जातं, आणि शेवटच्या पायरीवरचं अस्वल एक चालतंबोलतं कोठार होऊन बसतं.

अंटार्क्टिकात १९१३ च्या जानेवारीत झेवियर मेर्ट्झ हा स्विस साहसवीर वारला. अन्नाची गाडी सोबत्यासकट बर्फाच्या भेगेत गेल्यावर त्यानं आणि डग्लस मॉसननं गाडी ओढणारे कुत्रे मारून खाल्ले होते, यकृतासकट. मेर्ट्झची कातडी सुटत होती, पोट बिघडलं होतं, शेवटी तो भ्रमिष्ट झाला. १९६९ साली दोन ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी अंदाज मांडला की हा ‘अ’चा अतिरेक असावा. तो सगळ्यांना मान्य नाही. पण योगायोग असा की ज्या वर्षी मेर्ट्झ गेला, त्याच १९१३ साली अमेरिकेत लोणी आणि अंड्याच्या बलकातला तो पदार्थ ओळखला गेला, ज्याला पुढे ‘अ’ जीवनसत्त्व म्हणू लागले.

मग वरूड-मोर्शीकडची संत्री, गाजरं, पपई, शेवग्याचा पाला यांचं काय? त्यांत ‘अ’ तयार स्वरूपात नसतंच. असतात कॅरोटीनसारखे रंग, त्यांच्यापासून शरीर ‘अ’ बनवतं, आणि साठा पुरेसा झाला की बनवण्याचा वेग कमी करतं. हाही एक जागल्याच. गाजराचा अतिरेक केला तर तळहात पिवळे पडतील, कावीळ झाली की काय असं वाटेल, पण विष चढणार नाही. हाच रंग गोळीत भरला की मात्र हिशोब बदलला. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीननं फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी आशा होती. १९९४ साली निकाल लागला, तो उलटा. गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतला असाच दुसरा अभ्यास १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला.

इथे मेळघाटातल्या आईला प्रश्न पडेल. अंगणवाडीत बाळाला ‘अ’चं औषध पाजतात, त्याचं काय? ते जरूर पाजावं. नवव्या महिन्यात एक लाख एककं, मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख, हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्याची मुळं १९७० मध्ये आहेत. हा डोस मोठा आहे, पण तो यकृतात साठून सहा महिने पुरावा याच हिशोबानं ठरलेला आहे. म्हणूनच तो खुणेच्या चमच्यानं मोजून द्यायचा आणि कार्डावर तारीख लिहायची. तारीख न पाहता महिन्याभरात पुन्हा पाजला, तर त्या कोठाराचा हिशोब चुकतो. गरोदरपणात तर ‘अ’चा तयार अतिरेक पोटातल्या बाळाची घडण बिघडवू शकतो, म्हणून या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय ‘अ’ची कुठलीच गोळी नको.

यावर अनेकांचं ठरलेलं उत्तर असतं. ‘ड’ आणि ‘अ’ चरबीत मुरतात, ते ठीक. पण ‘ब’ आणि ‘क’ तर पाण्यात विरघळतात, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीधम्मक होते, तो खरंच बाहेर पडलेला ब-२ असतो. पण बाहेर पडण्याआधी तो पदार्थ अंगातून हिंडून जातो, हे विसरलं जातं. १९८३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सात रुग्णांची हकिगत छापली. दिवसाला दोन ते सहा ग्रॅम ब-६ ते महिनोन्‌महिने घेत होते, दोन मिलिग्रॅमच्या आसपासच्या गरजेला. त्यांचे हातपाय बधिर झाले, पाय कुठे पडतोय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळेना, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या. नसांच्या विकारावर जे जीवनसत्त्व देतात, त्याच्याच अतिरेकानं नसा दुखावल्या होत्या. गोळ्या बंद केल्यावर ते सुधारले, पण सावकाश. ‘क’चा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो, आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, जिथे पाण्यातल्या क्षारांमुळे मूत्रपिंडाच्या तक्रारी वर्षानुवर्षे मांडल्या जात आहेत, तिथे रोजची ग्रॅमभर ‘क’ची गोळी चघळण्याआधी दोनदा विचार करायला हवा.

याच खारपाणपट्ट्यात नुकतीच एक अशी घटना घडली की जगभरातले डॉक्टर तिच्याकडे वळून पाहू लागले. तिथे गोळी नव्हती, पुडी नव्हती. होती ती रोजची पोळी.

२०२४ चा डिसेंबर सरत असताना बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचं डोकं खाजू लागलं. मग केस हातात येऊ लागले, आणि तीन-चार दिवसांत डोकं साफ. बायका, पुरुष, मुलं, सगळ्यांचं. ‘टक्कल व्हायरस’ असं नाव पडलं, लोक गावांत पाय ठेवायला भिऊ लागले. आधी संशय पाण्यावर गेला, कारण त्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. मग बुरशीवर, मग शाम्पूवर. वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. विंचूदंशावरच्या उपचारामुळे जगाला ठाऊक झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही गावांत जाऊन रक्त, लघवी, केस आणि धान्य तपासून घेतलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. दोष रेशनवरच्या गव्हातल्या सेलेनियमचा. रुग्णांच्या रक्तात ते ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं होतं, आणि जोडीला जस्त कमी पडलेलं. गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होतं.

या आकड्याचा अर्थ असा. दिवसाला दोनशे ग्रॅम कणकेच्या पोळ्या धरल्या, तर पोटात जातं सुमारे २,९०० मायक्रोग्रॅम. गरज रोज ४० मायक्रोग्रॅमची, आणि अमेरिकेत ठरवलेली वरची मर्यादा ४०० ची. म्हणजे मर्यादेच्याही सातपट, रोज, भाजीसोबत.

सेलेनियम हे जीवनसत्त्व नव्हे, खनिज आहे. पण मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर बारीक अक्षरात ते सापडतं. थायरॉईडला ते लागतं, शरीराच्या संरक्षणाला लागतं. ते फारच कमी पडलं तर हृदय दुबळं होतं. चीनमधल्या केशान भागात त्या आजाराला त्या भागाचंच नाव पडलं. चीनमध्येच, हुबेई प्रांतातल्या एन्शीमध्ये, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते अति झालं, तेव्हा लोकांचे केस आणि नखं गळली. एकाच देशात दोन टोकं, आणि मधली सुरक्षित पट्टी अगदी अरुंद. केसच का गळावेत, यामागेही रसायन आहे. केस आणि नखं ज्या केराटिननं बनतात त्याची मजबुती गंधकाच्या जोड्यांवर उभी असते. आवर्तसारणीत सेलेनियम गंधकाच्या अगदी खाली बसतं, स्वभावानं इतकं जवळचं की शरीर फसतं आणि गंधकाच्या जागी त्याला बसवतं. बांधणी तिथेच कच्ची पडते, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. धान्यातही ते प्रथिनांच्या आत जाऊन बसतं, त्यामुळे गहू कितीही धुतला तरी जात नाही. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहरच्या काही गावांची माती सेलेनियमनं भरलेली आहे, हे तिथल्या कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी फार पूर्वीच नोंदवलं होतं. रेशनचा गहू त्या दिशेनं आला असावा, असं डॉ. बावस्करांचं म्हणणं. ज्वारीच्या भाकरीवर पोसलेल्या वऱ्हाडाच्या ताटात आता हजार किलोमीटरपलीकडची माती येऊन पडते.

आणि आता हाच प्रकार बाटलीत. २००८ साली अमेरिकेत दहा राज्यांतल्या २०१ माणसांना जुलाब, थकवा, सांधेदुखी सुरू झाली, केस गळाले, नखं ठिसूळ झाली. सगळे एकच द्रवरूप पूरक पोषण घेत होते. लेबलवर एका मात्रेत २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम लिहिलं होतं, प्रत्यक्षात निघालं ४०,८००. कारखान्यात मोजमाप चुकलं होतं. पुढच्याच वर्षी फ्लोरिडात पोलोच्या सामन्याआधी २१ घोडे कोसळून मेले. त्यांना टोचलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणातही सेलेनियमचंच मोजमाप चुकलं होतं. शेगावच्या शेतकऱ्याला पोळीतून आणि अमेरिकेतल्या हौशी माणसाला बाटलीतून, एकच आजार झाला.

केस गळू लागले की लोक धावतात ते बायोटिनकडे, आणि इथे आणखी एक वेगळाच धोका दडलेला आहे. बायोटिनची रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम, केसांच्या गोळीत सर्रास ५,००० किंवा १०,०००. या मात्रेनं विषबाधा झाल्याचं सहसा दिसत नाही. ते फसवतं प्रयोगशाळेला. अनेक रक्ततपासण्यांच्या यंत्रणेतच बायोटिनचा वापर असतो. रक्तात ते भरमसाट असलं की थायरॉईडचे आकडे खोटे येतात. हृदयविकाराच्या झटक्यात जे ट्रोपोनिन वाढायला हवं ते कमी दाखवलं जाऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला. माणूस झटक्यात आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’, याहून घातक गोळी कोणती?

ग्रामगीतेत तुकडोजी महाराजांनी गावाच्या आरोग्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला. आरोग्य हा गावानं मिळून सांभाळायचा विषय आहे, ही त्यामागची जाण. घरातल्या गोळ्यांचा हिशोबही तसाच मिळून ठेवावा लागतो. ताकदीची गोळी, हाडांची गोळी, केसांची गोळी, डब्यातली प्रोटीन पावडर, मुलानं पुण्याहून पाठवलेली मल्टिव्हिटॅमिनची बाटली, या सगळ्यांवरची बारीक अक्षरं वाचून एकाच नावाचे आकडे एकत्र करायचे. अ, ड, ब-६, सेलेनियम, लोह यांची बेरीज पाहिली की बऱ्याच घरांत धक्का बसेल. ‘ड’ची मोठी मात्रा चालू असेल तर मध्ये रक्तातलं ‘ड’ आणि कॅल्शियम तपासून घ्यायचं. रक्त द्यायच्या आधी बायोटिन घेतो हे सांगायचं. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवायच्या, कारण त्या गोड आवरणाच्या गोळ्यांची मूठभर मात्रा मुलाच्या जिवावर बेतते.

आणि डॉक्टर विचारतात, ‘काही औषधं चालू आहेत का?’, तेव्हा आपण हमखास म्हणतो, ‘नाही, औषध काही नाही, नुसती ताकदीची गोळी घेतो.’ तो ‘नुसती’ काढून टाकावा, आणि पाकीटच डॉक्टरांसमोर ठेवावं. उन्हातलं मोजायला कातडी आहे, गाजरातलं मोजायला आतडं आहे. पाकिटातलं मोजणारं शरीरात कोणी नाही, ते आपल्यालाच मोजावं लागतं.